डबा संपेपर्यंत

आमच्या ह्यांना आरोग्यधामात सगळे 'पन्नास-एक' म्हणतात. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, तिथून ते कधी बाहेर आलेलं मी ऐकलं नाही. मोठ्या डॉक्टरांपासून धोबिणीपर्यंत सगळे हाक मारतात, "काय पन्नास-एक, पलीकडचा उतार कधी कापताय?" आणि हे खुशाल ओ देतात. चिडले की मीही तेच म्हणते.

पन्नास-एक म्हणजे पन्नास माप पेट्रोल आणि एक माप ऑइल. गवत कापायचं जे मशीन खांद्याला अडकवून चालवतात ना, त्याचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. त्याला नुसतं पेट्रोल चालत नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं, त्याला म्हणतात मिक्स. ऑइल नसलं की आतला पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि जागच्या जागी जाम होतो. गेलं इंजिन. हे सगळं मी सांगतेय, शिवणखोलीतली बाई, जिचा मशीनशी संबंध तो फक्त पायाने चालवायच्या. पण बावीस वर्षं रोज तेच ऐकलं तर भिंतीलासुद्धा पाठ होईल, मी तर माणूस आहे.

प्रमाणाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे नाकावर माशी बसू देणार नाही. एकदा भांडारवाल्याने घाईत मशीनमध्ये साधं पेट्रोल भरलं आणि पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, चालवून पाहिलं. ह्यांनी इंजिन उघडलं, पिस्टनवरचे ओरखडे बोटाने चाचपले, आणि भांडारवाल्याशी चार महिने अबोला धरला. तो बिचारा रोज नमस्कार करायचा आणि हे त्याच्या डोक्यावरून आभाळ बघायचे. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, "मुलीचा स्वभाव कसा आहे हो?" तर म्हणाले, "प्रमाणात." मी तर कपाळाला हात लावला.

राहायला आम्हाला आरोग्यधामाचीच खोली आहे, मशीनच्या शेडला पाठ लावून. एक भिंत शेडची, म्हणजे तिकडे मशीन टांगलेलं आणि इकडे आमचे कपडे टांगलेले, दोघांना वास एकच. खिडकी आहे. पण खिडकीसमोर हात लांब केला की लागेल अशी आवाराची भिंत. बावीस वर्षांत मी त्या खिडकीतून दोनच गोष्टी पाहिल्या, ओली भिंत आणि कोरडी भिंत. पाहुणे आले की म्हणायचे, छान गारवा आहे हं. अहो, गारवा असणारच, ऊन यायला वाट कुठे आहे?

थंडी पडायला लागली की गवताची वाढ थांबते. मग मशीन धुऊनपुसून चार महिन्यांसाठी भांडारात जमा करायचं. पण जमा करताना टाकीत आणि डब्यात मिक्सचा थेंब राहता कामा नये, असा नियम आहे. पडून राहिलेलं मिक्स चिकट होतं, कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात, आणि पुढच्या मोसमात दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी मशीन सुरू होत नाही. ओतून द्यावं म्हटलं तर आवारात दोन विहिरी. तेव्हा उरलेलं मिक्स जाळूनच संपवायचं. त्यातही उभ्या उभ्या इंजिन फिरवून जाळायचं नाही, हा ह्यांचा स्वतःचा कायदा. म्हणायचे, "काम नसताना इंजिन पळवणं पाप आहे." त्यामुळे दर वर्षी मोसमाच्या शेवटी आमचे हे खांद्याला मशीन लावून गवत शोधत हिंडायचे. पाण्याच्या टाकीखाली, बॉयलरच्या मागे, शेजारच्या शाळेचं मैदान फुकटात. एका वर्षी मोठ्या डॉक्टरांच्या बायकोने हौसेने लावलेलं शोभेचं गवतही सपाट केलं. ती रडकुंडीला आली तर वर तिलाच विचारतात, "गवतच होतं ना?"

तर अशाच एका मोसमाच्या शेवटी मला पत्र आलं.

त्याआधी उन्हाळ्यात मी शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन आले होते, ह्यांना मुलीकडे जाते म्हणून सांगून. तिथे शिवणविभागाला प्रमुख हवी होती. त्यांनी एक एप्रन आणि एक शस्त्रक्रियेची चादर शिवायला दिली. तिथल्या मेट्रनबाईंनी माझी शिवण उलटी करून पाहिली, आतून. बाहेरून कोणीही बघतं. मी तेव्हाच समजले की ही बाई कामाची माणसं ओळखते. पत्रात लिहिलं होतं, एक तारखेला हजर व्हावे, न झाल्यास पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल. राहायला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी पाहून आले होते त्या. खिडकीतून पार नदीपर्यंत दिसतं. ह्यांच्यासाठीही मी शब्द टाकला होता, गेटवर पहारेकऱ्याची जागा होती.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. घडी घातली. म्हणाले, "चांगलं झालं."

"मग?" मी म्हटलं.

"डब्यात चौदा लिटर आहे. तेवढं संपलं की मशीन जमा करतो. मग निघू."

मी मनातल्या मनात हिशेब केला. मशीनची टाकी एक लिटरची, दिवसाला दोन टाक्या, म्हणजे सात दिवस. एक तारखेला बारा दिवस होते. पाच दिवस हातात राहत होते, बांधाबांध करायला आणि सगळ्यांना भेटायला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी मोठ्याने गाणं म्हणत उश्यांचे अभ्रे शिवले. शेजारची म्हणाली, काय गं, लॉटरी लागली का? मी म्हटलं, हो, लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिक्स बनवायचं काम आमच्या घरात माझं. इतकी वर्षं मशीन धरून धरून ह्यांचे हात थरथरतात. थंडीत बोटं पांढरी पडतात आणि बधिर होतात. ऑइल मापायला गेले की निम्मं बाहेर सांडायचं. सांडलं की प्रमाण चुकलं, प्रमाण चुकलं की ह्यांच्या जिवाची घालमेल. शेवटी मीच म्हटलं, द्या इकडे. वॉर्डातून आणलेली बाळाची दुधाची बाटली आहे माझ्याकडे, तिच्यावर मापाच्या रेषा आहेत. वीस लिटरच्या डब्याला चार वेळा शंभर. डोळ्यासमोर रेष धरायची आणि श्वास रोखून ओतायचं. ऑइलचा कॅन माझ्या शिवणाच्या कपाटात कुलपात असतो आणि किल्ली माझ्या गळ्यात. शेडमध्ये पत्र्याचे दोन डबे, एकाच्या कडीला लाल चिंधी, ते मिक्स. दुसरा बिनचिंधीचा, पाण्याच्या पंपाला लागणारं साधं पेट्रोल.

पहिले तीन दिवस सगळं ठरल्यासारखं झालं. संध्याकाळी हे डब्यात लाकडाची पट्टी बुडवायचे आणि ओली झालेली खूण मला आणून दाखवायचे. बारा. दहा. आठ. मी ट्रंक काढली. मुलीला पत्र टाकलं.

चौथ्या दिवशी पट्टी दाखवली तर साडेसात.

"आज अर्धीच टाकी झाली," हे म्हणाले. "दव फार होतं. ओलं गवत गुंडाळलं जातं पात्याला."

बरं. पाचव्या दिवशी सात. पात्याला धार लावण्यात वेळ गेला म्हणे. सहाव्या दिवशीही सातच.

"आज काहीच नाही कापलं?"

"कापलं की. शाळेच्या मागची बाजू."

"मग पट्टी तेवढीच कशी?"

"जमीन सपाट नाही शेडची. डबा जरा कललेला होता."

डबा कललेला होता! मी काय कालची पोर आहे? पण खरं सांगते, मला तेव्हा संशय आला तो एवढाच, की हा माणूस काम टाळतोय. कापतो म्हणतो आणि उताराच्या पलीकडे जाऊन बसतो. दिवसभर मशीनचा आवाज कानावर यायचा, तरी मी मनाशी म्हटलं, उगाच चालू ठेवून बसत असतील. ज्या माणसाने बावीस वर्षं रिकामं इंजिन फिरवलं नाही त्याच्याबद्दल मी हे मानायला तयार झाले. घाई माणसाला काय काय मानायला लावते.

सातवा दिवस गेला, आठवा गेला. ट्रंक भरून खोलीच्या मधोमध ठेवली होती. खोली केवढी! ती ओलांडूनच चुलीकडे जायचं, ती ओलांडूनच झोपायचं. माझा कंगवा आत गेला होता. रोज सकाळी कुलूप काढायचं, कंगवा काढायचा, केस विंचरायचे, कंगवा परत आत, कुलूप. मी हट्टाने तो बाहेर ठेवला नाही. बाहेर ठेवला असता तर मी हरले असते, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. खिडकीशी उभी राहिले की समोरची भिंत जवळ आल्यासारखी वाटायची. दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं. मी गुदमरत होते हो, दुसरा शब्द नाही त्याला.

"अहो, एक तारीख चार दिवसांवर आली," मी म्हटलं. "ते मिक्स करवतवाल्याला देऊन टाका ना. त्याचं मशीनही टू-स्ट्रोकच आहे."

करवतवाला म्हणजे आरोग्यधामाच्या बॉयलरसाठी लाकडं कापतो तो. मागच्या अंगणात त्याची मोटारीची करवत दिवसभर किंचाळत असते.

"माझं मिक्स त्याच्या करवतीत?" हे म्हणाले. "त्याचं प्रमाण चाळीस-एक आहे. बिघडेल."

"मग थोडं ऑइल वाढवून देते."

"असं अधलंमधलं वाढवत नसतात. तेवढा डबा संपू दे. संपतच आलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलून काय उपयोग? त्या माणसाशी भांडणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं. लागत नाही आणि आवाजही होत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी हे मशीनची टाकी भरून उताराकडे गेले. मी शेडमध्ये शिरले, चिंधीवाला डबा उचलला, चादरींच्या ढकलगाडीत ठेवला, वर मळक्या चादरी टाकल्या आणि निघाले. वाटेत धोबीण भेटली. म्हणाली, इकडे कुठे, धोबीघाट तिकडे आहे. मी म्हटलं, तुला काय करायचंय? माझी पाचावर धारण बसली होती, जणू मी मुडदा लपवून नेत होते.

करवतवाल्याने करवत बंद केली. मी म्हटलं, "पन्नास-एकचं मिक्स आहे. पडून राहण्यापेक्षा तुम्ही वापरा. ऑइल मी वाढवून देईन हवं तर."

तो खूश झाला. "तुमच्या हातचं म्हणजे डोळे मिटून घ्यावं," म्हणाला. तरी सवयीने त्याने काचेच्या बरणीत थोडं ओतलं आणि उजेडात धरलं. आमचं ऑइल हिरवं असतं, म्हणून मिक्स हिरवट दिसतं. पत्र्याच्या डब्यात ते कळत नाही. बरणीत कळलं. बरणीत जवळजवळ पाणी होतं.

त्याने बोट बुडवलं, दुसऱ्या बोटावर चोळलं. क्षणात वाळून गेलं. "बाई, हे तुम्ही बनवलंय?"

"मग कोणी? आजवर माझं माप एकदा चुकलेलं नाही!"

"यात ऑइल नाही हो. असलंच तर वासापुरतं. हे घातलं तर माझी करवत दहा मिनिटांत जाम होईल."

मी चांगलंच तोंड सोडलं त्याच्यावर. तुला काय कळतंय, तुझी बरणी घाण असेल, वगैरे. बोलता बोलताच मला आठवलं, चार दिवस झाले, ह्यांच्या कपड्यांना जळक्या ऑइलचा वास येत नव्हता. मला वाटलं होतं, हवा बदलली. आणि मग पाणी कुठे मुरतंय ते सगळं एकदम कळलं. डबा संपत नव्हता, कारण हे रोज दोन टाक्या जाळत होते आणि पंपाच्या डब्यातलं तेवढंच साधं पेट्रोल त्यात परत ओतत होते. ऑइल कुठून घालणार? ते माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. मागितलं असतं तर मी विचारलं असतं, कशाला?

करवत बंद होती म्हणून उतारावरचा आवाज स्पष्ट येत होता. बावीस वर्षं मी त्या आवाजावर सुया ओवल्या आहेत. तो तसा नव्हता. बारीक, चढा, खरखरीत. कोरड्या घशाने कोणी ओरडावं तसा. मी गाडी, चादरी, डबा, सगळं तिथेच टाकलं आणि पळत सुटले. या वयात, साडी हातात धरून, वॉर्डाच्या खिडक्यांमधून आजारी माणसं बघत असताना.

"बंद करा! अहो, बंद करा ते!"

ह्यांनी मला पाहिलं आणि बटण दाबलं. तोंडावरची जाळी वर केली. मी पुढे होऊन इंजिनाजवळ हात नेला, तर लांबूनच चटका बसला.

"जाम झालं असतं!" मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले.

"माहीत होतं?"

"मला नाही माहीत असणार तर कोणाला?"

मला काय बोलावं सुचेना. मग सुचलं तेव्हा फार सुचलं. मी नको नको ते बोलले. हे मान खाली घालून मशीनच्या पट्ट्याशी चाळा करत उभे. शेवटी म्हणाले, "जाम झालं असतं तर दुरुस्त होईपर्यंत मला सोडलं नसतं कोणी. महिना तरी गेला असता."

"म्हणजे माझी तारीख बुडवायला तुम्ही मशीन मारायला निघालात? तुम्ही?"

"मला नाही गं जायचं."

दहा दिवसांत पहिल्यांदा हा माणूस खरं बोलला. "मग हे पहिल्याच दिवशी सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू एकटी गेली असतीस." मग म्हणाले, "तिथे गेटवर उभा राहून काय सांगू लोकांना? मी कोण?"

"आणि इथे कोण आहात मोठे?"

"इथे पन्नास-एक आहे."

मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्याच वेळी आत कुठेतरी मऊ पडल्यासारखंही झालं. ज्या माणसाने पाच मिनिटांच्या साध्या पेट्रोलसाठी चार महिने अबोला धरला, तो मला धरून ठेवायला स्वतः साधं पेट्रोल ओतत होता. असं माझ्यासाठी कोणी काही केलं नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. पण मऊ पडलेलं दाखवायची ती वेळ नव्हती. मी गळ्यातली किल्ली हिसडून काढली आणि त्यांच्या पायाशी फेकली. "हे घ्या ऑइल. हवं तेवढं ओता, नाहीतर प्या. मी एकटी जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कचेरीत गेले. इस्पितळात फोन लावून द्या म्हटलं. माझ्या मनात असं होतं, की आठ दिवसांची मुदत मागायची. दिली तर तेवढ्यात ह्यांना समजावता येईल. नाही दिली तर उद्या सकाळच्या गाडीने एकटीने निघायचं, ट्रंक भरलेलीच आहे. ठरलेलं होतं सगळं. आता मला कोणी अडवू शकत नव्हतं.

मेट्रनबाई स्वतः फोनवर आल्या. मी अडखळत सांगितलं. त्या म्हणाल्या, "आठ काय, दहा दिवस घ्या. तुमची शिवण पाहिली तेव्हाच मी ठरवलंय. जागा तुमचीच आहे."

इतकं सरळ. इतक्या सहज.

मग त्या पुढे बोलत राहिल्या, आनंदाने. म्हणाल्या, तुमच्या हाताखाली अकराजणी आहेत. तिघी तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या, जरा वाकड्यात शिरणाऱ्या आहेत, त्यांना तुम्हाला सरळ करावं लागेल. विजेवरची नवी मशीन आली आहेत, ती तुम्ही शिकून त्यांना शिकवायची. आणि दर सोमवारी डॉक्टरांच्या बैठकीत उभं राहून विभागाची माहिती द्यायची.

अकराजणी. मी आयुष्यात एका माणसाला ऊठ म्हटलेलं नाही. ह्यांना म्हणते, पण ते काही ऐकत नाहीत. डॉक्टरांच्या समोर उभी असलेली मी मला दिसले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आणि मी म्हणाले, "नको बाई. ह्यांची तब्येत बरी नाही. मला नाही जमायचं."

"अहो, दहा दिवसांत बरे होतील की."

"नाही. दुखणं जुनं आहे. तुम्ही पुढच्या उमेदवाराला बोलवा."

त्यांनी दोनदा समजावलं. मी दोनदा नाही म्हटलं. फोन ठेवला तेव्हा कारकून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "पन्नास-एक आजारी आहेत? आत्ता तर भांडाराकडे जाताना पाहिले." मी बाहेर आले. पायरीवर बसले थोडा वेळ. मला मोकळं वाटत होतं, आणि मोकळं वाटतंय याचा इतका संताप येत होता की मी स्वतःच्या मांडीला चिमटा काढला.

खोलीवर आले तर हे माझ्या ट्रंकेवर बसलेले. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा. बाजूला त्यांची पिशवी बांधून तयार. हातात भांडाराचा कागद.

"मशीन जमा केलं," हे म्हणाले. "कोरडं. टाकीसुद्धा."

"आणि मिक्स?"

"करवतवाल्याकडे गेलो. काय केलं ते खरं खरं सांगितलं त्याला. हसला लेकाचा, हसू दे. तुझ्या कपाटातलं ऑइल नेलं होतं. किती घालायचं ते रंग बघत बघत दोघांनी मिळून ठरवलं, त्याने ओतलं आणि डबा ठेवून घेतला." कागद पुढे करत म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम होतं गं. मी उगाच तुझा जीव खाल्ला. चल. गेटवर तर गेटवर. उद्याची पहिली गाडी धरू."

त्यांच्या बोटांत तो कागद थरथरत होता. मी तो घेतला. त्यावर भांडारवाल्याची सही होती, शिक्का होता, सगळं रीतसर.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. की मेट्रनबाईंनी मुदत दिली होती आणि मीच नाही म्हटलं, घाबरले म्हणून. कचेरी अजून उघडी होती, परत फोन लावता आला असता. मी म्हटलं, "फोन करून आलेय. जागा भरली."

"भरली? एक तारीख तर व्हायचीय."

"उत्तर वेळेत गेलं नाही ना आपलं. दुसरी घेतली त्यांनी."

हे ट्रंकेवरून उठले, ती ओढत कोपऱ्यात नेली आणि पिशवीतले कपडे एकेक करून खुंटीला लावले. मी बघत होते. म्हणाले, "माझ्यामुळे गेली तुझी जागा." मी नाही म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही.

या गोष्टीला तीन मोसम झाले. मिक्स मीच बनवते, तीच बाटली, तेच माप. ह्यांचा स्वभाव मात्र पार बदलला. सकाळी माझ्याआधी उठतात, चहा करतात, थरथरत्या हातांनी कप आणून देतात, निम्मा बशीत सांडलेला. मी भांडले तरी उलटून बोलत नाहीत. लोकांना सांगतात, आमची ही खरं म्हणजे शहरात मोठी प्रमुख व्हायची, मी पाय ओढला तिचा. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. लोक माझ्याकडे कीव करून बघतात आणि मी शिवणात डोकं घालते.

मागच्या महिन्यात त्याच इस्पितळातून एक नर्स इकडे बदलून आली. ती सहज बोलली की शिवणविभागाची प्रमुख पुन्हा सोडून चाललीय, मेट्रनबाई माणूस शोधताहेत. हे तिथेच होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, या वेळेला लिही. मी मशीन आज जमा करतो. डब्यात काय असेल ते असो."

मी म्हटलं, "आता कुठे या वयात."

त्यांना वाटलं, त्यांनीच माझी उमेद मोडली. तसं ते बोललेही. मला सांगावंसं वाटतं, अहो, तुम्ही नाही, तुमचा डबा तर कधीच संपला होता. पण सांगितलं तर ते मला माफ करतील, आणि पिशवी बांधून म्हणतील, चल. मग मी काय सांगू? म्हणून मी गप्प बसते आणि त्यांनी आणलेला चहा पिते. गोड जरा जास्तच करतात.